आंबिलीला आलेला वास

झाकण उघडलं आणि आंबिलीला गुलाबाचा वास आला.

शिवगंगा वाकली होती तशीच राहिली. एका हातात झाकण, दुसऱ्या हातात पळी, आणि नाकाशी तो वास, लग्नाच्या मांडवात दारातच कुणी अंगावर शिंपडावा तसा. आंबिलीला आंबट वास यावा. ताकाचा, लसणाचा, फार तर रात्रभर उबेला राहिलेल्या ज्वारीच्या पिठाचा जरा उग्र. जन्मभर तोच येत आला होता. तिनं झाकण पुन्हा लावलं. ऐकू नये ते कानावर पडल्यावर माणूस दार लोटून घेतं तसं. मग स्वतःशीच म्हणाली, सर्दी झाली असंल. पण सर्दी झाली की वास जातो, नवा येत नाही, एवढं तिला कळत होतं. तिनं पुन्हा उघडलं. वास तिथंच होता, पाय दुमडून बसलेल्या पाहुण्यासारखा. काही घाई नसलेला.

वेळा अमावास्येला अर्धं धाराशिव रिकामं होतं. दुकानांची शटरं खाली, रस्ते कुत्र्यांना मोकळे. ज्याचं शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याचं नाही तो बोलावणाऱ्याच्या शेतात. हिरव्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, शेंगाभाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे यांचा नैवेद्य दाखवायचा आणि येईल त्याला आंबील पाजायची. बाकी स्वयंपाकात कमीजास्त चालतं, आंबिलीवरून मात्र बाईची वर्षभर आठवण निघते. शिवगंगाची निघायची. तिला त्याचा जरा गर्वही होता, आणि गर्व करण्यासारखं आपल्याकडं दुसरं फारसं काही नाही हेही ठाऊक होतं. आंबिलीचे नियम दोनच. नैवेद्याआधी उष्टी होऊ नये आणि सांडू नये. एका वर्षी सासूच्या हातून मडकं निसटलं होतं. त्या वर्षी विहिरीचं पाणी गेलं, असं सासू मरेपर्यंत सांगायची. पाणी सगळ्या तालुक्याचं गेलं होतं, पण ते सासूला सांगायची कुणाची छाती होती?

ते मडकं गेल्या संक्रांतीला तडकलं. हरिबा कुंभार म्हणाला, "मावशी, आंबिलीचं मडकं मागणाऱ्या आता तुमीच राहिलाव. कुंड्या हायत्या, पायजे तर न्या." कुंडीला बुडाशी भोक असतं. मग तिच्या नवऱ्यानं, शंभुलिंगनं, कॅन आणला. त्याचं दुकान बसस्टँडच्या मागं. पत्रावळ्या, द्रोण, चहाचे कप, कॅरीबॅगा, श्रीखंडाचे डबे, आणि कडेला सुटं विकायचं फरशी पुसायचं औषध. लिंबाच्या वासाचं आणि गुलाबाच्या वासाचं. त्या औषधाचे रिकामे कॅन दुकानामागं रचलेले असायचे, पांढरे, रुंद तोंडाचे, दोन बाजूंना धरायला कान असलेले. त्यातला एक त्यानं स्वतः धुतला. चिंचेनं, राखेनं, कढत पाण्यानं. गच्चीवर चांगला उन्हात पालथा घालून ठेवला आणि मग तिच्या नाकाशी धरला. "हुंग. हाय का काय?" नव्हतं काही. कोरडा होता तोवर कॅननं तोंडच उघडलं नव्हतं.

आणि मग तिनं गरम ओतलं. मडक्यात गरमच ओततात. चुलीवरचं रटरटतं पीठ तसंच उलटं करायचं, वरून ताक घालायचं; मडकं तापतं, घामेजतं, पहाटेपर्यंत आपलं आपण निवतं. हाताला तीच सवय. काल संध्याकाळी तिनं तेच केलं. कॅनच्या भिंती बोटांना जरा मऊ लागल्या, तेव्हाही तिला वाटलं, बरंच आहे, थंडीचं ऊब धरील. वरून घोंगडी गुंडाळली. तान्ह्या लेकराला गुंडाळावी तशी, गळ्यापर्यंत.

मागं कधीतरी शेजारची सोनाली मोबाइल घेऊन आली होती. त्यात एक बाई सांगत होती. गरम, आंबट आणि तेलकट, या तिघांना प्लॅस्टिक सुटतं. जे त्यात मिसळलेलं असतं, मुरलेलं असतं, ते हळूहळू अन्नात उतरतं. डोळ्याला दिसत नाही, जिभेला पुष्कळदा कळत नाही. लहान लेकरं आणि पोटुशी बाई असली तर जास्त सांभाळावं. शिवगंगा तेव्हा पापड वाळत घालत होती. ती हसून म्हणाली होती, "अगं, ती बाई आमच्या दुकानाच्या वाईटावर बसलीय." पण 'सुटतं' हा शब्द मनात राहिला. नव्या इरकलीचा रंग सुटतो तसं. लग्नानंतर पहिल्या धुण्याला तिनं लाल इरकलीशेजारी सासऱ्यांचं धोतर भिजवलं होतं, आणि धोतर वर काढलं तर फिकट गुलाबी. सासरे ते गुलाबी धोतर नेसून देवळात गेले, एक शब्द बोलले नाहीत. लुगडं होतं तसंच लाल दिसत होतं. त्यातून काही कमी झालंय असं कुणालाही वाटलं नसतं. मोबाइलमधली बाई शेवटी म्हणाली होती, किती उतरतं, आणि उतरलं तर कुणाला किती बाधतं, हे अजून नीट कळलेलं नाही. विष आहे म्हणाली असती तर शिवगंगा घाबरून मोकळी झाली असती. नीट कळलेलं नाही, याचं काय करायचं? ते कुठं ठेवायचं?

"अव्वा," लेक शिवरंजनी जिन्यात उभी होती. सातव्या महिन्याचं पोट पुढं, एक हात कठड्यावर. "पहिला गिलास माझा हां. पुण्यात रोज स्वप्नात आंबील येती माझ्या."

"नैवेद्याच्या आधी न्हाय."

"मी कुठं आता मागतेय? तू का अशी उभीयस? पांढरीफटक पडलीयस."

"वाकून उठले, म्हणून."

"अप्पा, ही बघा," पोरगी खाली ओरडली, "सातवा मला लागलाय आणि चक्कर हिला येतीय."

शंभुलिंग वर आला. त्यानं कॅनचं झाकण दाबून लावलं, वर एक पिशवी बांधली, सुतळीनं आवळली. शिवगंगा त्याच्या तोंडाकडं बघत होती. तो गाठीकडं बघत होता. "चला," म्हणाला.

शिवरंजनीला हादरे नकोत म्हणून टेम्पोत पुढं बसवलं. मागं सतरंजी, भज्जीचं पातेलं, विकतच्या पाण्याचा निळा जार, आणि कॅनच्या अलीकडं शिवगंगा, पलीकडं शंभुलिंग. दोघांनी एकेक हात झाकणावर ठेवला होता. ढोकीच्या रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांमागं टेम्पो रांगत होता. आंबील आत हेलकावत होती. गुडघ्याला ते कळत होतं, आत काहीतरी कूस बदलतंय असं. तिनं गुडघा काढून घेतला. मग पुन्हा लावला, कारण कॅन कलंडला असता. सांडला असता तर बरं झालं असतं, हे मनात आलं आणि तिनं जीभ चावली. पोरगी पोटुशी, सणाचा दिवस, आणि असलं मनात यावं. पण मन काही तिला विचारून चालत नव्हतं. ते आपलं मागं मागं जात होतं, दाराला कडी लावली का बघायला परत फिरणाऱ्या माणसासारखं.

गेल्या साली पोरीचं पोटातलं पाचव्या महिन्यात गेलं. पुण्याच्या डॉक्टरीण बाई चांगल्या होत्या, त्यांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "कारण काही सापडलं नाही. होतं असं कधीकधी." कारण सापडलं नाही म्हणजे कारण नव्हतं असं नव्हे, हे शिवगंगाला तिथं बाकावर बसल्या बसल्याच कळलं होतं. घरात सुई सापडत नाही तेव्हा ती घरातच असते. तेव्हापासून ती शोधत होती. पोरीचा जिना, पोरीचं ऑफिस, जावयाची सिगारेट, ग्रहण, कुणाची नजर. स्वतःच्या हाताखाली तिनं कधी बघितलं नव्हतं. आता टेम्पोत बसून ती बघायला लागली आणि एकेक वस्तू उठून उभी राहू लागली, शाळेत हजेरी घेताना पोरं उभी राहतात तशी. साजूक तूप कढवून, गाळून, गरम असतानाच प्लॅस्टिकच्या बरणीत ओतून पाठवलेलं, गार झालं की रवाळ जमतं म्हणून. शेंगाचटणी, तेल सुटेपर्यंत कुटून पिशवीत दाबून भरलेली. हॉस्पिटलसमोरच्या गाड्यावरची पेज, पातळ पिशवीत, वर गाठ मारलेली. पिशवी इतकी कढत की तिनं ती पदरात धरून नेली होती आणि वाटेत पेज निवू नये म्हणून पोटाशी धरली होती. त्याच्याही आधी, पार आधी, ही पोरगी तान्ही असताना दुधाची बाटली. दूध अंगावर कमी होतं. शिवगंगा ती बाटली रोज उकळायची, सासू म्हणायची, "किती उकळशील, शिजंल ती." उकळून उकळून काचेसारखी बाटली पांढुरकी झाली होती, मोतीबिंदू आलेल्या डोळ्यासारखी. तिला वाटायचं, स्वच्छ झाली. तिची काळजी नेहमी गरमच असायची, वाफाळती. गार अन्न तिनं आयुष्यात कुणाला वाढलं नव्हतं.

असं असेल, आणि असं नसेलही. सगळ्या जगानं पिशवीतली पेज प्यालीय, जगाची लेकरं जन्माला आलीच की. शंभुलिंगनं तीस वर्षं हेच विकून घर चालवलं. पोरीचं शिक्षण, लग्न, बाळंतपणाचा खर्च सगळा त्या कपांतून आला. ती स्वतःला समजावत होती आणि समजावणारा आवाज थेट शंभुलिंगसारखा होता, गिऱ्हाइकाला माल दाखवतानाचा. तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो उसाकडं बघत होता. सकाळपासून त्यानं एकदाही आंबिलीचं कौतुक केलं नव्हतं, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. दर वर्षी करायचा.

शेतात बंडप्पा आणि त्याची बायको दैवशाला कोप उभी करून बसले होते. शेत तेच कसत, निम्म्या वाट्यानं. दैवशाला कॅन बघून तोंडाला पदर लावून हसली. "औंदा मडकं कुठाय, अक्का? मला वाटलं डेअरीला दूध घालायला निघालाव."

"मडकं फुटलं."

"मग व्हय. ह्यो काय फुटत न्हाय बगा. आपून जाऊ, ह्यो ऱ्हाईल."

ज्वारी छातीला लागत होती. हरभऱ्याला घाटे धरलेले, पानांवर आंबट दवाची आंब चमकत होती. बांधापलीकडून दुसऱ्यांच्या कोपींतला धूर, हसणं, कुठं गाणी. शिवरंजनी चप्पल काढून ढेकळांतून हळूहळू चालत गेली आणि कोपीच्या तोंडाशी फतकल मारून बसली, गिलास मांडीवर घेऊन. स्टीलचा, तिच्या बारशातला. तो तिनं घरून आठवणीनं आणला होता. शंभुलिंगनं पूजा केली. कॅनमधून वाटीभर आंबील काढून पांडवांपुढं ठेवली, आणि त्या अरुंद सावलीत वास पुन्हा फुलला. शिवगंगाला वाटलं आता सगळे माना वर करतील. कुणी केली नाही. उदबत्ती लावलेली होती. ज्याला आला त्याला तो उदबत्तीचा वाटला असणार. पांडवांना काही होणार नव्हतं. ते दगडाचे होते.

आता शेताभोवती फेरी. पुढं पुरुषानं आंबील शिंपडत जायचं आणि ती अर्धी कानडी आरोळी ठोकायची जिचा अर्थ आता कुणालाच येत नाही. मग परत येऊन सगळ्यांनी प्यायची. रस्त्याकडेला दोन मोटारसायकली थांबल्या होत्या, बाजारपेठेतले लोक यायला लागले होते. शिवरंजनीनं गिलास पदरानं पुसला. नुसतं एवढंच केलं तिनं, गिलास पुसला.

"फेरी मी घेते," शिवगंगा म्हणाली.

"तू?" शंभुलिंग म्हणाला. "बरं घे. तांब्यात काढून घे की मग."

"तांब्यात न्हाय. कॅनच घ्यायचा. धरा त्या बाजूनं."

बंडप्पा उठायला लागला, "मी धरतो की अप्पा." शंभुलिंगनं त्याला हातानंच बसवलं. बायकोकडं बघितलं, आणि काही न विचारता पलीकडचा कान धरला.

दोघं ज्वारीतून निघाले. कॅन मध्ये, जड, पायांवर आपटत. आरोळी कुणीच ठोकली नाही. शिवगंगा जागा शोधत होती. ज्वारीत नको, पुढच्या वर्षाची भाकरी त्यातली. हरभऱ्यात नको. बांधावर ओतावी तर तिथलं गवत बंडप्पाची गाय खाते, आणि गाईचं दूध दैवशालाची नातवंडं पितात. ओघळीत ओतावी तर ओघळ विहिरीला मिळते. बाभळीखाली शेळ्या शेंगा वेचतात. जिथलं कुणीच काही खात नाही अशी एवढीशी जागा ती स्वतःच्या शेतात शोधत होती आणि तिला सापडत नव्हती. शेवटी विहीर खणताना निघालेल्या मुरमाचा ढीग होता, त्याच्यामागं तिनं कॅन टेकवला. सुतळीची गाठ सुटेना. तिनं दातानं तोडली.

"काय चाललंय?" शंभुलिंग म्हणाला, पण हळू.

"वास घ्या."

"घेतला."

"कशाचा हाय?"

लांब कुणाच्या तरी कोपीत पोरं ओरडत होती. "गुलाबाचा," शंभुलिंग म्हणाला. "सकाळीच आला मला. तू उठायच्या आधी झाकण उघडून बघितलं होतं."

"आणि बोलला न्हाईत."

"म्हटलं, तुला आला न्हाय तर कशाला." तो ढिगाकडं बघत होता. "आणि आला असंल तर तू बोलशील म्हटलं. तू बी बोलली न्हाईस. मग मला वाटलं, मलाच येतोय."

शिवगंगाला रडू यावं तसं हसू आलं. दोघं एकाच झाकणावर हात ठेवून एवढा रस्ता आले होते. "लई धुतला होता गं मी," तो म्हणाला, "तुझ्या देखत धुतला होता," आणि आवाजात असं काही होतं की तिनं त्याच्या दंडाला हात लावला. मग तिनं कॅन कलता केला. तिच्या एकटीच्यानं होईना. त्यानं खाली वाकून बूड उचललं. पांढरी, दाट, चांगली जमलेली आंबील गुळगुळ करत मुरमावर पडली, दगडांच्या फटींतून खाली गेली, वर नुसता फेस राहिला, आणि वास, उन्हात आता चांगलाच मोठा झालेला. खाली कुठं गेली असेल? विहीर त्या बाजूला नव्हती. फार लांबही नव्हती.

परत आले तेव्हा कॅन हलका होता आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

"सांडली," शंभुलिंग म्हणाला. "पाय मुरगळला माझा."

दैवशालाचा हात तोंडाशी गेला. तिनं आधी रिकाम्या कॅनकडं बघितलं, मग कोपीकडं, आणि मग, बघू नये असं ठरवूनही, शिवरंजनीच्या पोटाकडं. शिवगंगानं ती नजर जाताना बघितली. ही बाई सणाला भीत होती आणि आपण वासाला. दोघींच्या भीतीनं जाऊन बसायला एकच जागा शोधली होती. वर्षभर आता ही आठवण निघणार. काही झालं तर आंबील सांडली म्हणून झालं. काही झालं नाही तरी तोवरचे दिवस होतेच. आणि खरं काय ते डॉक्टरांना सापडणार नाही, मुरमाला माहीत असेल.

"बसा सगळे, भज्जी लई हाय," शिवगंगा म्हणाली. आवाज तिला स्वतःला दुसऱ्याच कुणाचा वाटला. "दैवशाला, तुझ्या घरचं ताक असंल तर आण."

"व्हय व्हय, आणते," म्हणत दैवशाला उठली. काही करायला मिळालं म्हणून तिला बरं वाटलं असावं.

"अव्वा," शिवरंजनी म्हणाली. तिनं आईकडं जरा रोखून बघितलं आणि मग सोडून दिलं. "सांडली तर सांडली. तोंड का एवढं करून घेतेस? घसा कोरडा पडलाय माझा, पाणी तरी दे." आणि गिलास पुढं केला.

निळा जार टेम्पोतच राहिला होता, उघड्या हौद्यात, सकाळपासून उन्हात. शिवगंगा त्याच्यापर्यंत गेली. गिलास जारच्या तोटीखाली धरला आणि तोटीवर बोट ठेवलं. जार कोमट होता. कपाळाला हात लावल्यावर ताप कळावा तसं तळव्याला कळलं. तिनं बोट काढून घेतलं. किती दिवस हा जार असाच कुणाकुणाच्या दारात उन्हात उभा राहिला असेल, आणि ती कधीपासून त्यातलं पीत होती. मग कोपीत जाऊन तिनं पूजेचा तांब्या उचलला, त्यातली सुपारी काढून पदराला बांधली आणि नवऱ्याला म्हणाली, "मोटार चालू करा."

"जारमध्ये पाणी हाय की."

"मोटार चालू करा म्हणते ना."

तो विहिरीकडं गेला. मोटार घुरघुरली. विहिरीपासून इथवर काळा पाइप ज्वारीच्या सरीतून लोळत आला होता, बारा महिने उन्हात पडलेला. त्याच्या तोंडातून आधी हवा आली, मग फुरफुरत पाणी. शिवगंगानं हात धरला. पाणी गरम होतं. पाइपात साठलेलं, रात्रीपासूनचं, कदाचित कालपासूनचं. तिनं तांब्या बाजूला ठेवला आणि हात धारेखालीच धरून बसली. पाणी जरा निवलं, मग गार झालं, मग बोटं बधिर व्हायला लागली. सरीतनं ते झरझर ज्वारीकडं निघालं होतं. तिनं ओंजळ नाकाशी नेली. मातीचा वास होता. नुसता मातीचाच असावा. तिनं पुन्हा नेली.

"झालं की गं गार," शंभुलिंग पलीकडून म्हणाला. "भर आता, पोरगी तहानलीय."

"थोडं अजून जाऊ द्या," ती म्हणाली.

तो तिच्याशेजारी येऊन उकिडवा बसला. कोपीच्या तोंडाशी शिवरंजनी गिलास वाजवत होती, लहानपणी ताटाशी बसून वाजवायची तसा. पाणी वाहत होतं.

"किती?" त्यानं विचारलं.

शिवगंगानं हात काढला नाही. "थोडं अजून," ती म्हणाली.